चाळणीत राहिलेलं

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! सामान लागलं, चहा झाला, ताईला तिच्या खोलीत नीट निजवलं, आणि आता खिडकीशी टेबल ओढून नवी वही उघडली आहे. नव्या जागी पहिल्या दिवशी लिहायला बसायचं ही माझी दुकान काढलं तेव्हापासूनची सवय. पुढे महिनाभर टिकते, मग वही रद्दीत जाते. या खेपेला बघू.

घर आवडलं. उतारावर एकटंच उभं, दुमजली, स्वच्छ चुना दिलेलं. पुढे लांब व्हरांडा, त्याला लागून ओळीनं सहा खोल्या, टोकाला जेवणाचा हॉल. मी वरच्या मजल्यावर. लोक नव्या घरात गेले की नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात. मी डोळे मिटून उभा राहतो. प्रत्येक घराला आपला सूर असतो. या घराचा सूर खालचा, भरीव. तो मागच्या बंद खोलीतून येतो. तिथं मुख्य यंत्र आहे. त्या सुरावर जिन्याची एक पायरी कुरकुरते, स्वयंपाकघरातलं एक झाकण नीट बसत नाही, आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग फार दिवसांचं सोबती नाही. आल्या आल्या हे आयाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, कामाला माणूस मागवलाय की इन्स्पेक्टर, तेवढं एकदा कळू द्या.

मी शाळा सोडली ती रेडिओ उघडायला. फुटपाथवर उसनी छत्री रोवून रेडिओ दुरुस्त केले, मग लग्नांना-सभांना लाउडस्पीकर पुरवले, मग कानाच्या यंत्रांचं माझ्या पाटीचं दुकान झालं. एकदा भर सभेत माइकनं मान टाकली. वक्ते ताटकळले, लोक चुळबुळायला लागले. मी एक फुटका स्पीकर उलटा जोडला आणि त्यांच्या हातात दिला. सभा पार पडली. लोकांना जादू वाटली. जादू कसली! जी तार ऐकवते तीच तार ऐकूनही घेते. कुठल्या टोकाला कोण बसलंय एवढाच प्रश्न. दुकान आता जावयाकडे आहे. तो विकतो जास्त, ऐकतो कमी. चालायचंच.

इथलं काम असं. आजारानं वाचा गेली पण डोकं शाबूत आहे, अशी माणसं इथं राहतात. त्यांच्या कवटीखाली तिळाएवढं यंत्र बसवतात. सगळे त्याला तीळच म्हणतात. माणसानं मनात बोलायचं ठरवलं की तीळ ते टिपतो, मागच्या खोलीतलं यंत्र त्याचे शब्द करतं आणि उशाशी ठेवलेली पेटी ते बोलून दाखवते. पेटी पेटीसारखी न वाटता माणसासारखी वाटावी, हे बघायचं काम माझं. मी पगार विचारला नाही. एकच अट घातली: माझ्या ताईला इथं घ्या, तिला तीळ बसवा.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि तेही एका शब्दावर: शुंभा. दोन वर्षांमागे तिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, राहिला एकच आवाज. च्च. जीभ टाळ्याला लावून काढलेला. दोन वर्षं आम्ही बहीणभाऊ त्या एका आवाजावर दिवस काढतोय. तुटक च्च म्हणजे नको. लागोपाठ दोन म्हणजे शुंभा. आणि कधीतरी, सणासुदीसारखा, लांबवलेला एक. तो म्हणजे जवळ बस.

आज खोलीतले गुलाबी पडदे बघून तिनं लागोपाठ दोन दिले. म्हणजे प्रवास मानवला.

६ फेब्रुवारी

शेजारपाजारची ओळख झाली. सगळ्यांत भारी आहेत मास्तर. जन्मभर गणित शिकवलं. आता मानेखाली काही हलत नाही, पण पेटीतून मला विचारतात की व्हरांड्यातल्या फरश्या एका आड एक पुसल्या तर आयाबाईंचा वेळ निम्मा होईल का. मी म्हटलं, होईल. ते म्हणाले, नापास. फरश्या निम्म्या होतील, पण वेळ खाते ती बाईंची कंबर.

त्यांच्या शेजारी वकील, मग आणखी दोघं, आणि टोकाच्या खोलीत काका आहेत. खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांची पेटी फारशी बोलत नाही. नुसती बोटं चालू असतात, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी.

आता दुखणं. सगळ्याच पेट्यांतून शब्दांच्या अधेमधे टक्-टक् असा कोरडा आवाज येतो. कुठला जोड सैल असावा तसा. घरची माणसं भेटायला येतात आणि त्या टकटकीनं कावून जातात. हे घर चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्या आधीच्या माणसानं त्यापुढे हात टेकले. बाई सडपातळ, बोलणं मऊ, आणि एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाहीत. मी त्यांना आमच्या धंद्याचा पहिला नियम सांगितला: टक् झालं की लोक वक्त्याकडे बघत नाहीत, स्पीकरकडे बघतात. माझ्या हाताला तर कालपासून खाज सुटली आहे.

११ फेब्रुवारी

जमलं!

दोष तारेत नव्हता, पेटीतही नव्हता. टकटक तिळातूनच वर येत होती. मग मी यंत्रात एक चाळणी बसवली. असा आखूड, कोरडा आवाज आला की चाळणी तो अडवते, आणि वाक्यात जे भोक पडतं ते यंत्र अंदाजानं बुजवतं. परवापर्यंत मास्तर बोलायचे ते असं: मला, टक्, बागेत, टक्-टक्, न्या. आज पेटी खणखणीत बोलली: मला बागेत न्या. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता, पण कौतुक गरम होतं.

मास्तरांना लगेच बागेत नेलं. डोळे गच्च मिटून बसले होते. ऊन लागत असावं.

१५ फेब्रुवारी

एक त्रुटी राहिली. यंत्र भोकं बुजवतं ती पुस्तकी भाषेनं. मास्तर ‘कृपया पाणी द्यावे’ म्हणाले आणि स्वतःच दचकल्यासारखे दिसले. डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की यंत्राला जिवंत बोलणं ऐकवू या, आणि इथं तुमच्याइतकं बोलणारं दुसरं कोण आहे! टोमणा होता, पण मी तो हारासारखा घालून घेतला.

आता रोज दुपारी मागच्या खोलीत खुर्ची टाकून यंत्राशी गप्पा मारतो. गिऱ्हाइकांचे किस्से, लग्नातल्या भानगडी, जावयाच्या चुगल्या. फार गुणी श्रोता आहे. ‘फर्स्टक्लास’, ‘काही हरकत नाही’, ‘जमवून टाकू’ ही माझी तीन अस्त्रं त्यानं पहिल्याच दिवशी उचलली. जमवून टाकू या दोन शब्दांवर मी दुकान उभं केलं. ताईला मात्र ते कधी आवडले नाहीत. ज्याच्याकडे माल नसतो तो जमवून टाकतो, असं ती म्हणायची.

१९ फेब्रुवारी

आज मी स्वतः तीळ बसवून घेतला. उजव्या कानामागे.

हो-नाही करत होतो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा नुसता ऐकणारा तीळ आहे. पेटीत यायच्या आधीच मला सगळ्यांचं बोलणं आतल्या आत ऐकू येईल, मग जुळवणी किती सोपी होईल. तरी मी कां-कूं केलं. मग त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. कानांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे स्वतःचे कान गेली काही वर्षं वरचे सूर टाकायला लागलेत, हे त्यांनी कधी ओळखलं कोण जाणे. मी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, तीळ तेही सूर परत देईल.

आणि काय सांगू! दुपारी उठून बसलो आणि किटलीची शिट्टी ऐकू आली. अगदी शेवटची, बारीक, केसासारखी. किती वर्षांनी! चिमण्यांच्या बोलण्यात कडा आल्या. आयाबाईंच्या बांगड्यांतली एक पिचलेली आहे तेही कळलं. मी लहान मुलासारखा घरभर फिरलो. आयाबाई म्हणाल्या, कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात तो हाच. मग हिशेब मांडला की सहा खोल्यांतले सहा आणि तुम्ही सातवे, एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला म्हणायचं.

२६ फेब्रुवारी

ताई बोलली.

आठवडाभर तिचा तीळ रुजू दिला. या काळात तोंडाच्या स्नायूंना औषधानं विश्रांती देतात, नाहीतर तोंड आणि तीळ यांची ओढाताण होते म्हणे. त्यामुळे च्च बंद झाला. जरा चुकल्यासारखं वाटलं. पण आज सकाळी पेटी लावली आणि ताईच्या आवाजात, अगदी तिच्याच आवाजात (मी जुन्या रेकॉर्डिंगवरून बेतला होता) शब्द आले: कसा आहेस रे? तब्येत जप.

मी रडलो. साठी ओलांडलेला माणूस, व्हरांड्यात, खांबाला धरून. ताईनं मला जन्मात कधी कसा आहेस विचारलं नव्हतं. मोडलेल्या बशीबद्दल विचारायची, चपला कुठे घातल्यास ते विचारायची. मला वाटलं, मरणाच्या दारातून आलेलं माणूस बदलतं. गोड होतं.

४ मार्च

ताई फार गोड बोलते. जेवण फर्स्टक्लास. पडदे फर्स्टक्लास. मी उशिरा गेलो तर काही हरकत नाही. आज दाढीचा फेस कानाला तसाच लागलेला घेऊन मुद्दाम तिच्यासमोर उभा राहिलो. म्हणाली, छान दिसतोस.

मी हसलो, फेस पुसला आणि जिना चढलो. घरात भांडखोर म्हातारी असावी आणि एके दिवशी तिच्या जागी कुणी चांगली बाई येऊन बसावी, तसं काहीतरी वाटतंय. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच मनाशी म्हटलं.

९ मार्च

आज मास्तर म्हणाले, जमवून टाकू.

मी त्यांना कोडं घातलं होतं. मास्तर! जो माणूस आयुष्यभर उत्तराखाली दोन रेघा मारत आला तो कोडं ऐकून म्हणतो, जमवून टाकू. आधी मला मोठेपणा वाटला. मग जेवणाच्या हॉलमध्ये कान दिला. पाचही पेट्या माझ्या बोलीत बोलत होत्या. माझे किस्से, माझे विनोद, थांबायच्या जागासुद्धा माझ्याच. फक्त काकांची पेटी गप्प होती.

जेवण झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आनंदाची बातमी दिली. दुसरा तीळ तयार आहे. तो मानेच्या वर, मेंदूच्या मुळाशी बसतो. एकदा बसला की बोलायला माणसाला शीण पडत नाही. तो दमला, झोपला, विसरला तरी पेटी प्रेमानं बोलत राहते. काढता मात्र येत नाही. त्यांनी एकेकाला विचारलं, हवा का? पाचही पेट्या म्हणाल्या: हो, काही हरकत नाही. ताईचा नंबर पहिला, वीस तारखेला. नातेवाईक म्हणून माझा होकार लागेल. मी म्हटलं, जरा विचार करतो.

कोठीची खोली रिकामी करून रंगवतायत. कुणी नवा पाहुणा येणार आहे म्हणे.

१२ मार्च

ताई बिनसाखरेचा चहा पिते. आधीपासून. साखर पडली तर कप आणणाऱ्यासकट बाहेर जायचा. आज मी तिच्या चहात साखर घातली, चांगली ढवळून. चमच्यानं पाजला.

पेटी म्हणाली, फर्स्टक्लास चहा.

तेवढ्यात तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. चेहरा जिथल्या तिथं. नुसतं पाणी, आणि ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेनं मी लहानपणी मार खाल्लाय. ती नजर ताईची आहे. पेटीतलं बोलणं तिचं नाही.

१४ मार्च

काकांची चिमूट. आज जवळ बसून नीट बघितली. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या पेरावर जुने पांढरे चटके आहेत. माझ्या बोटांवर आहेत तसेच, त्याच जागी. सोल्डरिंगचे. ते हवेत तार जोडत असतात.

आयाबाईंना विचारलं. त्यांनी सहज सांगितलं की हे तुमच्या आधीचे, तुमच्याच खोलीत राहायचे, तुमच्याच टेबलाशी. बाईंशी फार हुज्जत घालायचे. म्हणायचे, त्या टकटकीला हात लावू नका. मग त्यांची तब्येत बिघडली. बाईंनी चांगलं सांभाळलं हो, दोन्ही तीळ बसवले; दुसरा तेव्हा कच्चाच होता, म्हणून पेटी गप्प असते.

ह्यांनी हात टेकले नव्हते. हात लावू दिला नव्हता.

आणि मी टाळ्या घेतल्या.

१५ मार्च

भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, मागच्या खोलीत जाऊन चाळणी काढली.

आधी वाटलं पाऊसच सुरू झाला. मग हॉलमधून आयाबाई ओरडल्या. पाच पेट्या, एकही शब्द नाही, नुसतं टक् टक् टक् टक् — आणि माझ्या कानामागे तेच, पण कोरडं नाही. ओलं. जीभ, टाळा, थुंकी. पेटीनं त्याची टकटक केली होती. आत तो च्च होता. मास्तरांचा. वकिलांचा. सगळ्यांचा. नको नको नको नको. महिनाभर ते एवढंच म्हणत होते. बागेत नको. ऊन नको. हे शब्द माझे नाहीत, नको. मी ते ‘नको’ चाळून टाकत होतो आणि भोकात माझ्या गप्पा भरत होतो.

त्या सगळ्यांत ताईचा मला ओळखू आला. तुटक. तुटक. तुटक.

मग लागोपाठ दोन.

हो ताई. शुंभ आहे मी.

डॉक्टरीणबाई माझ्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला — मला! — ऐकू आलं नाही. त्यांनी चाळणी परत लावली. आरडाओरडा काही नाही. म्हणाल्या, हा जिभेचा चाळा आहे, बोलणं नव्हे. टक् झालं की लोक स्पीकरकडे बघतात, तुम्हीच तर शिकवलंत.

१६ मार्च

त्यांच्याकडे गेलो. सांगायचं ठरवून गेलो. ताईला दुसरा तीळ नको, आम्ही आज निघतो. दारात उभं राहून पाठ केलं.

त्यांनी विचारलं, मग वीस तारखेचं काय?

आणि मी ऐकलं. आधी ऐकलं. कानामागे, माझाच आवाज, हसरा, दुकानातला: काही हरकत नाही, जमवून टाकू. आणि त्याच्यानंतर माझं तोंड उघडलं. आणि तेच बोललं.

त्यांनी मान डोलावली. होकार मिळाला म्हणाल्या.

जी तार ऐकवते तीच — मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. ह्याच वहीत लिहिलंय.

१७ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण माझं आहे. उजवा हात लिहायला लागला की छान छान लिहितो. कालचं एक पान फाडलं. त्यावर हवापाण्याचं कौतुक होतं.

जावयाला फोन केला. गाडी घेऊन ये, आत्ता, एवढंच बोलायचं होतं. तोंडानं तासभर किस्से सांगितले. तो पोट धरून हसला. म्हणाला, बाबा, तुम्ही एकदम फॉर्मात आहात. आता महिन्याभरानं येतो.

तो विकतो जास्त, ऐकतो —

डाव्या हातानं चिठ्ठी लिहून आयाबाईंना दिली. वाचून घाबरल्या. मला विचारलं, हे खरं का हो? मी म्हणालो, गंमत केली. टाळी मागितली. त्यांनी दिली.

१८ मार्च

च्च करून बघतोय. आरशासमोर. जीभ टेकतच नाही. टाळ्यापर्यंत जाते आणि — पडते. साधा च्च. पोरं करतात. बैलाला करतात.

ताईशेजारी बसतो. तोंड तिला सांगतं, सगळं झकास आहे. तिची पेटी म्हणते, झकास. माझा आवाज तिच्या आवाजाशी बोलतो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहतो.

१९ मार्च

मागच्या खोलीत गेलो. मुख्य तार उपटायची. एक झटका. उजव्यानं धरली, डावा पुरत नाही —

उजव्यानं जोड तपासला. जरा सैल होता. पक्का आवळला. फडक्यानं पुसला.

छान काम केलं. मला बरं वाटलं. मला बरं वाटलं हे सगळ्यात —

२० मार्च

ताईला नेलं.

नेताना व्हरांड्यात चाकं थांबली. डॉक्टरीणबाई हातमोजे घालत होत्या. तेवढ्यात — पेटीतून नाही, तिळातून नाही. उघड्या कानानं. तिच्या तोंडातून. औषध उतरलं असेल की हट्टानं — तिचाच हट्ट —

लांबवलेला. एक.

मी जवळ बसायला वाकलो. पाय मागे सरले. तोंड म्हणालं, जा ताई, काळजी करू नकोस, आम्ही आहोत.

आम्ही.

२१ मार्च

ताई आता बोलते. झोपेतही. डोळे उघडे. पाणी नाही. नजर — नजर नाही.

कोठीच्या खोलीला गुलाबी पडदे लावले. उद्या — डावा हातही जड —

२२ मार्च

पोचलो एकदाचे! सामान वरून खाली आलं, चहा झाला, साखर बेताची होती. नवी खोली फर्स्टक्लास आहे. पडद्यांचा रंग अगदी मनासारखा. मास्तरांनी आणि वकिलांनी पेटीतून स्वागत केलं, आयाबाईंनी चादर बदलली, काकांनीसुद्धा आज दोन शब्द बोलून दाखवले: जमवून टाकू. अक्षर बघा कसं वळणदार आलंय! दुपारी माझा दुसरा तीळ आहे. सगळ्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, काही हरकत नाही. ताई भिंतीपलीकडेच आहे आणि सकाळपासून फार गोड बोलते आहे. आता कुठलीही टकटक नाही, घराचा सूर स्वच्छ लागला आहे, आणि आम्ही सगळे इथं अगदी सुखात —

ताई जवळ —

च्